सहयोगी आरोग्यसेवेसाठी फार्मासिस्टांचे प्रशिक्षण

सहयोगी आरोग्यसेवेसाठी फार्मासिस्टांचे प्रशिक्षण म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आदींच्या समवेत एकाच रुग्णाच्या उपचारात जबाबदारीने सहभागी होता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण होय. औषधाची रसायने, त्याचे घटक व ते बनविण्याच्या पद्धती हा या शास्त्राच्या अभ्यासक्रमाचा पारंपरिक गाभा आहे. त्याला रुग्णाच्या खाटेजवळील निरीक्षण, औषधोपचाराची तपासणी, इतर व्यावसायिकांशी संवाद आणि रुग्णाला समुपदेशन यांची जोड देणे, हे या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य मानले जाते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. भारतात २००८ साली सुरू झालेला सहा वर्षांचा डॉक्टर ऑफ फार्मसी (फार्म.डी.) हा अभ्यासक्रम त्याचे सर्वांत ठळक रूप आहे.

संज्ञा

फार्मासिस्ट या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द रूढ नाही. कोशांत व शासकीय व्यवहारात 'औषधनिर्माता' हा शब्द आढळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे व शासकीय रुग्णालयांतील पदाचे नाव 'औषध निर्माण अधिकारी' असे आहे. जुन्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या सूचनेनुसार मिश्रणे व पुड्या तयार करणाऱ्यास 'कंपाउंडर' किंवा 'मिश्रक' म्हणत. बोलीभाषेत औषधाच्या दुकानालाच 'मेडिकल' म्हटले जाते आणि तेथे बसणारी प्रत्येक व्यक्ती, तिची पात्रता काहीही असो, 'मेडिकलवाला' ठरते. 'औषधनिर्माता' या शब्दातील 'निर्माता' हे पद आजच्या कामाशी फारसे जुळत नाही, कारण बहुतेक औषधे आता कारखान्यातून वेष्टनबंद होऊन येतात आणि रुग्णालयातील फार्मासिस्ट ती तयार करीत नाही, त्यांच्या वापरावर देखरेख ठेवतो. म्हणून या लेखात 'फार्मासिस्ट' हाच रुळलेला शब्द वापरला आहे.

दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसमवेत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे, या पद्धतीला 'आंतरव्यावसायिक शिक्षण' असे म्हणतात. ब्रिटनमधील या विषयाला वाहिलेल्या केप या संस्थेने केलेली अशा आशयाची व्याख्या जगभर स्वीकारली गेली आहे. एकाच सभागृहात बसून सर्वांनी एकच व्याख्यान ऐकणे या व्याख्येत बसत नाही. विद्यार्थ्यांना परस्परांच्या कामाचे स्वरूप कळणे व एकत्र निर्णय घेण्याचा सराव होणे, ही तिची अट आहे.

गरज

रुग्णालयात एक औषध रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत किमान चार हातांतून जाते. डॉक्टर ते लिहितो, फार्मासिस्ट ते देतो, परिचारिका ते वेळेवर देते किंवा टोचते आणि रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक घरी गेल्यावर ते चालू ठेवतात. चूक बहुधा या हातांच्या मधल्या जागेत होते. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो. अशा घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत औषध योग्य असते, मात्राही योग्य असते. 'आठवड्यातून एकदा' एवढे दोन शब्द वाटेत कोठेतरी गळतात.

दुसरा प्रकार औषधांच्या परस्परक्रियांचा. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेत असलेल्या रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरने जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल लिहून दिले, तर वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते. ते यकृतातील विकरांचे कार्य वाढवते आणि वॉरफॅरिन, गर्भनिरोधक गोळ्या व एचआयव्हीवरील अनेक औषधे यांचा प्रभाव कमी करते. क्षय व एचआयव्ही ही दोन्ही दुखणी एकत्र असलेल्या प्रौढ रुग्णाला म्हणूनच डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा देण्याऐवजी दोनदा द्यावे लागते. भारतासारख्या क्षयाचा मोठा भार असलेल्या देशात ही बाब रोजच्या व्यवहारातील आहे. क्षयाचे उपचार एका ठिकाणी, एचआयव्हीचे दुसऱ्या ठिकाणी आणि मधुमेहाचे तिसऱ्या खासगी दवाखान्यात चालू असतील, तर तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहणारी व्यक्ती कोण, हा प्रश्न उरतो. रुग्ण त्यासोबत काढे किंवा आयुर्वेदिक गोळ्या घेत असेल आणि ते कोणी विचारलेच नसेल, तर प्रश्न अधिकच बिकट होतो.

औषधांच्या वापरातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये 'हानीविना औषधोपचार' या आशयाची जागतिक मोहीम जाहीर केली. औषधोपचारातील चुकांमुळे जगाला दर वर्षी सुमारे ४२ अब्ज अमेरिकी डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज त्या वेळी संघटनेने मांडला होता.

इतिहास

अमेरिका

दुसऱ्या महायुद्धानंतर औषध कंपन्यांनी तयार गोळ्या व इंजेक्शने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, तेव्हा अमेरिकेतील फार्मासिस्टचे खल-बत्त्याचे काम झपाट्याने कमी झाले. दीर्घ शिक्षण घेतलेला हा मनुष्य केवळ गोळ्या मोजून बाटलीत भरणारा ठरतो की काय, अशी चिंता त्या व्यवसायात निर्माण झाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० साली डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी सुरू केली. केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६२ साली औषध माहिती केंद्र उघडण्यात आले. डॉक्टरांनी औषधाविषयी प्रश्न विचारावा व फार्मासिस्टने संदर्भ तपासून उत्तर द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती.

याहून महत्त्वाचा प्रयोग १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या नवव्या मजल्यावर शस्त्रक्रिया विभागात चोवीस तास कार्यरत राहणारे छोटे औषध केंद्र उभारण्यात आले आणि फार्मासिस्ट तळघरातील भांडारातून थेट वॉर्डात आला. 'नववा मजला प्रकल्प' या नावाने तो ओळखला जातो. विद्यार्थ्यांना रुग्ण, केसपेपर व डॉक्टर या तिघांच्या सान्निध्यात शिकविण्याची पद्धत येथून रूढ झाली. आज जगभर 'क्लिनिकल फार्मसी' म्हणून जे शिकविले जाते, त्याचे मूळ बहुतेक अभ्यासक या मजल्यावर शोधतात. त्याच दशकात अमेरिकेतील मूलनिवासी जमातींसाठी असलेल्या आरोग्यसेवेतील फार्मासिस्टही चिठ्ठीऐवजी रुग्णाची संपूर्ण नोंदवही पाहून औषध देऊ लागले होते.

१९७२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आरोग्य पथकासाठी शिक्षण या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. १९७९ साली वॉशिंग्टन राज्याने डॉक्टरांशी लेखी करार करून फार्मासिस्टला औषधोपचारात बदल करण्याची मुभा दिली. १९९० साली चार्ल्स हेपलर व लिंडा स्ट्रँड यांच्या निबंधाने 'फार्मास्युटिकल केअर' ही संकल्पना मांडली. औषध दिल्याने जबाबदारी संपत नाही, त्या औषधाने रुग्णाच्या प्रकृतीत अपेक्षित सुधारणा झाली की नाही याचेही उत्तरदायित्व फार्मासिस्टकडे येते, हा त्या निबंधाचा आशय होता आणि पुढील सर्व अभ्यासक्रमांवर त्याची छाप दिसते. २००० नंतर अमेरिकेत व्यवसायप्रवेशासाठी फार्म.डी. ही एकमेव पदवी ठरली. तेथील अधिस्वीकृती मंडळाच्या २०१६ च्या मानकांत आंतरव्यावसायिक शिक्षणाला स्वतंत्र स्थान देण्यात आले. विद्यार्थ्याला प्रारंभिक टप्प्यात किमान ३०० आणि अंतिम टप्प्यात किमान १,४४० तास प्रत्यक्ष सेवास्थळी काढावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटन

फार्मासिस्टच्या भूमिकेविषयी जागतिक आरोग्य संघटनेने भरविलेल्या बैठकांची मालिका १९८८ साली नवी दिल्लीत सुरू झाली, ही गोष्ट भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पुढील बैठका टोकियो (१९९३) व व्हँकुव्हर (१९९७) येथे झाल्या. व्हँकुव्हरच्या बैठकीतून 'सप्ततारांकित फार्मासिस्ट' ही कल्पना पुढे आली. सेवा देणारा, निर्णय घेणारा, संवाद साधणारा, व्यवस्थापक, आजन्म विद्यार्थी, शिक्षक व नेता अशा त्या सात भूमिका होत. २००६ च्या पुस्तिकेत 'संशोधक' ही आठवी भूमिका जोडण्यात आली. २०१० साली संघटनेने आंतरव्यावसायिक शिक्षण व सहयोगी सेवा यांविषयीची कृतिचौकट प्रसिद्ध केली.

ब्रिटनने याच काळात कायद्यात बदल केले. तेथे २००३ पासून डॉक्टरने ठरविलेल्या योजनेच्या चौकटीत आणि २००६ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला मिळाला. २०२१ मध्ये शिक्षणाची मानके बदलण्यात आली. त्यांनुसार २०२६ पासून नव्याने नोंदणी होणारा फार्मासिस्ट हा अधिकार घेऊनच व्यवसायात येतो.

भारतातील वाटचाल

भारतात औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा प्रारंभ रुग्णालयाशी फारकत घेऊन झाला. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रोत्साहनाने महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ च्या सुमारास बनारस हिंदू विद्यापीठात हे शिक्षण सुरू केले. देशाला स्वतःची औषधे बनविता यावीत, ही त्यामागील तळमळ होती आणि परदेशी औषधांवर विसंबून असलेल्या त्या काळात ती स्वाभाविक होती. औषधांच्या दर्जाविषयी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ साली अहवाल दिला होता. त्याची परिणती १९४० चा औषध कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा यांत झाली. १९४८ च्या कायद्याने भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली आणि नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतरांनी औषध देण्यास मनाई करण्यात आली.

तरीही अभ्यासक्रमाचा रोख दीर्घकाळ कारखान्याकडेच राहिला. बी.फार्म. झालेला विद्यार्थी उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण किंवा विक्री या क्षेत्रांत जाई. दुकाने व रुग्णालये प्रामुख्याने दोन वर्षांच्या डी.फार्म. पदविकाधारकांवर चालत. या पदविकेत १९९१ च्या नियमांनुसार किमान ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण आवश्यक असून त्यांतील निम्मे तास प्रत्यक्ष चिठ्ठीनुसार औषध देण्यासाठी राखलेले होते. परंतु वॉर्डातील फेरीशी त्याचा संबंध नव्हता.

बदलाची सुरुवात दक्षिणेत झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर व ऊटी येथील जेएसएस औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांनी 'फार्मसी प्रॅक्टिस' या विषयात पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील रुग्णालयीन फार्मासिस्टांचे साहाय्य लाभले. जी. पार्थसारथी, कॅरिन नायफर्ट-हॅन्सन व मिलाप नाहाटा यांनी संपादित केलेले या विषयाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक २००४ साली प्रसिद्ध झाले.

१० मे २००८ रोजी फार्म.डी.चे नियम अधिसूचित झाले. बारावीनंतर सहा वर्षांचा आणि बी.फार्म.नंतर तीन वर्षांचा, असे त्याचे दोन मार्ग आहेत. एका महाविद्यालयात पहिल्या मार्गासाठी ३० व दुसऱ्यासाठी १० अशी प्रवेशमर्यादा घालण्यात आली. महाविद्यालयाचे किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी संलग्नत्व असावे, ही अट सर्वांत कळीची होती, कारण तिच्यामुळे भारतातील औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण प्रथमच नियमाने रुग्णालयाशी बांधले गेले.

अन्य अभ्यासक्रमांतही पुढे फेरबदल झाले. बी.फार्म.मध्ये 'फार्मसी प्रॅक्टिस' आणि सामाजिक व प्रतिबंधात्मक औषधनिर्माणशास्त्र हे विषय आले. डी.फार्म.च्या २०२० च्या नियमांत औषधोपचारशास्त्र, रुग्णालयीन व क्लिनिकल फार्मसी, सामुदायिक फार्मसी आणि सामाजिक फार्मसी यांचा समावेश झाला. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदविले.

प्रशिक्षणाचे स्वरूप

फार्म.डी.च्या पहिल्या तीन वर्षांत शरीररचना, जीवरसायनशास्त्र, औषधगुणशास्त्र, विकृतिशास्त्र व औषधोपचारशास्त्र यांचा पाया घातला जातो. चौथ्या वर्षी क्लिनिकल फार्मसी, रुग्णालयीन फार्मसी व विषशास्त्र हे विषय येतात. पाचव्या वर्षी रुग्णालयातील कारकिर्दीला प्राधान्य मिळते आणि त्यासोबत सहा महिन्यांचा प्रकल्प असतो. सहावे वर्ष संपूर्ण आंतरवासितेचे असून त्यात सहा महिने सामान्य वैद्यकशास्त्र विभागात व उर्वरित सहा महिने तीन अन्य विशेष विभागांत प्रत्येकी दोन याप्रमाणे काढावयाचे असतात.

विद्यार्थ्याचा दिवस वॉर्डातील फेरीपूर्वीच सुरू होतो. नेमून दिलेल्या रुग्णांचे केसपेपर वाचून रुग्ण दाखल होण्यापूर्वी कोणती औषधे घेत होता, आता कोणती चालू आहेत आणि दोहोंत विसंगती आहे काय, हे त्याला पडताळावे लागते. या कामाला औषधसूचीचा मेळ घालणे म्हणतात. ते वाटते तितके सोपे नाही. रुग्ण 'रक्तदाबाची पांढरी गोळी' एवढेच सांगतो. मुलगा रिकामी पट्टी खिशातून काढतो, तिच्यावरील नाव नेमके फाटलेले असते. पूर्वीचा रक्तदाबाचा उपचार दाखल होताना तात्पुरता थांबविला गेला आणि घरी सोडताना तो पुन्हा सुरू करावयाचा राहून गेला, अशा त्रुटी या मेळातूनच सापडतात.

त्यानंतर मूत्रपिंडाची कार्यक्षमता दर्शविणारा क्रिएटिनिनचा आकडा पाहून मात्रा तपासल्या जातात. जेंटामायसिन, व्हँकोमायसिन यांसारखी प्रतिजैविके दुबळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णात साचतात, म्हणून त्यांची मात्रा किंवा दोन मात्रांमधील अंतर बदलावे लागते. निरीक्षणे चार भागांत लिहिण्याची पद्धत सर्वत्र शिकविली जाते. रुग्णाने स्वतः सांगितलेल्या तक्रारी, तपासण्यांतून मिळालेले वस्तुनिष्ठ पुरावे, त्यांवरून केलेले मूल्यमापन आणि पुढील योजना, असा तिचा क्रम असतो. डॉक्टर व परिचारिकाही याच क्रमाने नोंदी ठेवीत असल्याने फार्मासिस्टची टिपणे त्यांना वाचता येतात.

फेरीत बोलण्याची रीत हा प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग होय. वरिष्ठ डॉक्टरच्या निर्णयातील उणीव सर्वांदेखत दाखविणे कोणत्याही समाजात अवघड. वयाचा व पदाचा मान जपणाऱ्या भारतीय समाजात तर विशेषच. यासाठी परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन व शिफारस या क्रमाने थोडक्यात सांगण्याचा सराव करून घेतला जातो. ही पद्धत मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील असून पुढे ती रुग्णालयांनी उचलली. 'हे औषध चूक आहे' असे म्हणण्याऐवजी 'रुग्णाचे क्रिएटिनिन कालपासून वाढले आहे, मात्रा निम्मी करण्याचा विचार व्हावा काय' असे विचारणारा विद्यार्थी ऐकला जाण्याची शक्यता अधिक असते. मात्र धोका तातडीचा असेल तेव्हा संकोच बाजूला ठेवून स्पष्ट बोलणे, हेही त्याच शिक्षणात येते.

परिचारिकांशी संबंध हा तितकाच महत्त्वाचा असूनही पाठ्यपुस्तकांत तुलनेने दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पाच पथ्ये परिचारिका शिक्षणात पहिल्यापासून घोटून घेतली जातात. कोणते इंजेक्शन कोणत्या द्रावणात मिसळावे, किती वेळात सोडावे, नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाला कोणती गोळी कुटून देता येत नाही, हे प्रश्न प्रत्यक्षात त्यांनाच पडतात. विद्यार्थी फार्मासिस्टची उपयुक्तता वॉर्डात प्रथम सिद्ध होते ती बहुधा अशा प्रश्नांच्या उत्तरांतून.

अमेरिकेतील आरोग्य शिक्षणसंस्थांच्या संयुक्त मंडळाने २०११ साली या कौशल्यांची चार क्षेत्रे निश्चित केली. मूल्ये व नीती, भूमिका व जबाबदाऱ्या, संवाद आणि पथककार्य ही ती क्षेत्रे होत. मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा अपुरी पडते. म्हणून रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीसमोर ठरावीक वेळात काम करून दाखविण्याच्या परीक्षा अनेक देशांत घेतल्या जातात.

विपरीत परिणामांची नोंद

भारतात पथककार्याचा एक ठोस धागा औषधदक्षता कार्यक्रमाने पुरविला. हा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून सुरू झाला व २०११ साली गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे सोपविण्यात आला. वैद्यकीय महाविद्यालयांतील निरीक्षण केंद्रांकडे औषधांच्या संशयित विपरीत परिणामांची नोंद केली जाते. पुरळ उठलेला रुग्ण त्वचारोग विभागात, औषध लिहिणारा डॉक्टर दुसऱ्या विभागात आणि निरीक्षण केंद्र तिसऱ्या इमारतीत, अशी स्थिती असताना नोंदीचा कागद भरण्यासाठी तिघांकडे जाणारा बहुधा आंतरवासी विद्यार्थी असतो.

प्रतिजैविकांच्या वापरावरील नियंत्रण हे असेच दुसरे क्षेत्र आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची 'एच-१' मध्ये आरंभी ४६ औषधे होती. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. रुग्णालयांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वैद्य व फार्मासिस्ट यांच्या समितीने प्रतिजैविकांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

परिणामकारकता

या प्रशिक्षणाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास ल्युसियन लीप व सहकाऱ्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात केला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागाच्या सकाळच्या फेरीत एक फार्मासिस्ट सहभागी होऊ लागल्यावर औषध लिहिताना झालेल्या चुकांमुळे घडणाऱ्या टाळता येण्याजोग्या हानीचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले, म्हणजे ६६ टक्क्यांनी घटले. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ शिफारशींपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. हा आकडा पथकातील विश्वासाविषयी बरेच काही सांगतो. अभ्यास एकाच रुग्णालयापुरता होता, याची जाणीव ठेवूनच तो वाचला पाहिजे.

रुग्णालयाबाहेरचे उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल शहराचे आहे. तेथील नगर प्रशासनाने १९९६ पासून आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना वस्तीतील प्रशिक्षित फार्मासिस्टांकडे नियमित भेटीसाठी पाठविले. साखरेवरील नियंत्रण सुधारले आणि एकूण वैद्यकीय खर्चही कमी झाला, असे त्याच्या अहवालांत नमूद आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र हे औषध उत्पादनाचे जुने केंद्र असल्याने येथील महाविद्यालयांचा कल उद्योगाकडे राहिला. पुण्यातील भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी आणि अन्य काही संस्थांत फार्म.डी. शिकविले जाते. बी.फार्म. व डी.फार्म.च्या महाविद्यालयांच्या तुलनेत ही संख्या अल्प आहे. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचे मुंबईत औषध माहिती केंद्र असून ते फार्मासिस्टांसाठी पुनःप्रशिक्षणाचे कार्यक्रमही घेते.

दुकानांत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असावा, या कायद्याच्या अटीची अन्न व औषध प्रशासनाने २०१२ च्या सुमारास कसोशीने अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा औषध विक्रेत्यांनी त्यास तीव्र विरोध करून बंद पुकारला होता. परवान्यावर एकाचे नाव आणि गल्ल्यावर दुसराच, ही प्रथा किती खोलवर गेली होती ते त्या वादातून उघड झाले. सहयोगी सेवेची चर्चा करताना ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. फार्मासिस्ट दुकानात नसेल तर तो पथकात असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मर्यादा व वाद

भारतातील मुख्य अडचण अभ्यासक्रमाची नसून पदांची आहे. फार्म.डी. झालेल्यांसाठी शासकीय रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदे बहुतांश ठिकाणी निर्माण झालेली नाहीत आणि औषध निर्माण अधिकारी हे पद दोन वर्षांच्या पदविकेवर मिळते. सहा वर्षे वॉर्डात शिकलेला विद्यार्थी म्हणून औषध कंपन्यांच्या माहिती विभागात, चिकित्सा संशोधनात, औषधदक्षता व्यवसायात किंवा परदेशी जातो. खासगी रुग्णालयांनी अधिस्वीकृतीच्या निकषांमुळे काही पदे निर्माण केली आहेत. निकषांतील औषध व्यवस्थापनाच्या तपासणीसाठी अशा व्यक्तीची गरज भासते, हे त्याचे एक कारण आहे.

दुसरा वाद 'डॉक्टर' या उपाधीचा. फार्म.डी. पदवीधराने नावाआधी ती लावावी की नाही, यावर वैद्यकीय संघटना व फार्मासिस्ट यांच्यात मतभेद आहेत. रुग्णाची दिशाभूल होईल, असा एका बाजूचा आक्षेप. पदवीच्या नावातच तो शब्द आहे, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर. या वादाने जेवढी जागा व्यापली, तेवढी पदनिर्मितीच्या मागणीने व्यापली नाही.

कायद्याची चौकटही अरुंद आहे. भारतात फार्मासिस्टला औषध लिहिण्याचा अधिकार नाही आणि चिठ्ठीतील औषधाऐवजी दुसरी सिद्धी स्वतःहून देण्यास औषध नियमांत मनाई आहे. त्यामुळे त्याची शिफारस स्वीकारणे सर्वस्वी डॉक्टरच्या इच्छेवर अवलंबून राहते.

सहशिक्षणाचा अभावही जाणवतो. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात आरोग्य पथकाचा नेता व सदस्य ही डॉक्टरची एक भूमिका म्हणून नमूद आहे. संवादक व आजन्म विद्यार्थी या भूमिकाही तेथे आहेत, म्हणजे 'सप्ततारांकित' यादीशी तिचे बरेच साम्य आहे. परंतु वैद्यकीय, परिचर्या व फार्मसी या तीन शाखांवर तीन स्वतंत्र नियामक संस्थांचे नियंत्रण आहे. त्यांची वेळापत्रके, परीक्षा व बहुतेक ठिकाणी परिसरही निराळे आहेत. त्यामुळे भावी डॉक्टर आणि भावी फार्मासिस्ट यांची पहिली भेट अनेकदा थेट वॉर्डात होते.

भाषेचा प्रश्न

फार्म.डी.चे शिक्षण इंग्रजीतून होते आणि समुपदेशन रुग्णाच्या भाषेत करावे लागते. शब्दशः भाषांतर येथे उपयोगी पडत नाही. 'रिकाम्या पोटी' म्हणजे सकाळी उठल्यावर, की जेवणापूर्वी केव्हाही, हे रुग्णाला स्पष्ट करावे लागते. थायरॉइडची गोळी चहासोबत घेणारे अनेक रुग्ण चहाला खाणे मानीत नाहीत. 'दिवसाआड' व 'दिवसातून एकदा' यांत ऐकताना गल्लत होते. चिठ्ठीवर लिहिला जाणारा '१-०-१' हा संकेत सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असा वाचावयाचा असतो. तो शिकलेल्यांनाही पुष्कळदा समजावून द्यावा लागतो. निरक्षर रुग्णासाठी गोळीच्या पाकिटावर सूर्य व चंद्राची चित्रे काढण्याची रीत आहे. सांगितलेले समजले काय, असे विचारल्यास रुग्ण सहसा 'हो' म्हणतो. म्हणून 'घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा' असे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकविली जाते. पाचव्या वर्षाच्या कारकिर्दीत परगावचे विद्यार्थी हे संवाद बहुतेक करून वॉर्डातील परिचारिकांकडून आणि मामा-मावशींकडून शिकतात.